किनाऱ्यावर फसलो, विव्हीत सापडली: एक्समूरचा चढ आणि एक्समूर गोल्ड

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या एक्समूरच्या किनाऱ्यालगत कुठल्या पबबाहेर 'लोकल गोल्डन एल, टेस्टिंग बोर्ड' अशी खडूने लिहिलेली पाटी दिसली, तर आत जाण्याआधी दोन मिनिटं थांबा. एल म्हणजे इथली पारंपरिक बिअर. आम्ही थांबलो नाही. लाकडी फळीवर तीन छोटे पेले आले, प्रत्येकात पाइंटचा एक तृतीयांश. म्हणजे सगळं मिळून एकच पाइंट, ५६८ मिलिलिटर. बिल साडेनऊ पाउंड. त्यातला एक पेला आंबलेला होता, सरळ व्हिनेगरचा वास. उरलेल्या दोनांबद्दल विचारलं, "कुठल्या ब्रुअरीची?" उत्तर आलं, "इथलीच, जवळचीच." नाव काही सांगता आलं नाही. एल ओढायच्या हातपंपावरच्या बिल्ल्यावरही ब्रुअरीचं नाव नव्हतं, नुसतं एक गोंडस नाव आणि हरणाचं चित्र. आम्ही इंग्लंडात चार वर्षं राहतोय, तरी फसलो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा बेत साधा होता. टाँटनपर्यंत ट्रेन, तिथून २८ नंबरच्या बसने माइनहेड, पुढे पोरलॉक. दुसऱ्या दिवशी पोरलॉकहून डंकरी बीकन चढून पलीकडे व्हेडन क्रॉसला उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी विव्हलिस्कम गाठायचं. गावातले लोक त्याला 'विव्ही' म्हणतात. तिथली एक्समूर एल्स ही छोटी ब्रुअरी १९८० साली सुरू झाली, हॅनकॉकच्या बंद पडलेल्या जुन्या ब्रुअरीच्या इमारतीत. १९८६ मध्ये त्यांचा हजारावा घाणा निघाला, त्या निमित्ताने त्यांनी 'एक्समूर गोल्ड' काढली. त्या काळी इथली एल म्हणजे तपकिरी किंवा तांबूस. नुसतं फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वापरून लागर या फिकट सोनेरी बिअरच्या रंगाची एल करणं नवीन होतं. आज इंग्लंडभर गोल्डन एल मिळते, तिच्या सुरुवातीच्या नावांत हे नाव येतं. ती तिच्या गावात, पिंपातून ओढलेली प्यायची होती.

आता चढाबद्दल. डंकरी बीकन ५१९ मीटर. कळसूबाई १६४६. हा हिशोब मनात धरून कुणी निघत असेल तर निघू नका. पोरलॉक जवळपास समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे पाचशेच्या पाचशे मीटर पायांनी चढावे लागतात, तेही सलग नाही. हॉर्नरच्या ओकच्या जंगलातून क्लाउट्समपर्यंत चढलो की वाट पुन्हा खाली ओढ्यापर्यंत नेते आणि कमावलेली उंची घालवते. तिथून पुढचा टप्पा मला अजून आठवतो. ओली मुळं, शेवाळलेले दगड, वर काळा चिखल. राजगडाच्या चोरदरवाजाला हाताला रेलिंग तरी मिळतं, इथे धरायला नेचे फक्त. माझा मित्र दोनदा घसरला, दुसऱ्यांदा मनगटावर. माथ्यावर पोचलो तर धुकं. खाडीपलीकडचं वेल्स दिसतं म्हणतात, आम्हाला पंधरा फुटांवरचा दगडांचा ढीग दिसला.

पण खरा वाईट भाग उताराचा आहे. माथ्यावरून डंकरी गेटला उतरल्यावर व्हेडन क्रॉसपर्यंत साधारण चार किलोमीटर डांबरी रस्ता आहे. नकाशावर पिवळी रेघ दिसते, सोपी वाटते. त्या रस्त्याला फूटपाथ नाही. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच मातीचे बांध, त्यावर झाडोरा, आणि रुंदी एका गाडीपुरती. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही पाठ बांधात रुतवून, पोट आत घेऊन उभे राहिलो. चाक बुटापासून वीतभर अंतरावरून गेलं. धुक्यात हा रस्ता चालू नका. कोलरिज वे ही खुणांची पायवाट शेतांतून व्हेडन क्रॉसलाच जाते. वेळ जास्त लागतो, चिखलही लागतो, तरी तीच घ्या. अख्ख्या दिवसाच्या चालीला अ‍ॅपने आम्हाला साडेतीन तास सांगितले होते. लागले सव्वासहा. बूट, रेनकोट, काठ्या तुमच्याकडे असणारच. वर चमकदार रंगाचं काहीतरी अंगावर हवं, गाडीवाल्यांना दिसावं म्हणून.

तिसरा दिवस टार स्टेप्सचा दगडी पूल आणि बार्ल नदीकाठ. छान आहे, सोपं आहे, कुणीही करू शकेल. व्हेडन क्रॉसहून डल्व्हर्टनची टॅक्सी मात्र आदल्या दिवशीच ठरवा. डल्व्हर्टनहून विव्हीला २५ नंबरची बस आहे.

विव्हीच्या पबात शिरलो तेव्हा चार वाजले होते. पंपाच्या दांड्यावर बिल्ला: ब्रुअरीचं नाव, एलचं नाव, ४.५ टक्के. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "पिंप कधी उघडलंय?" त्या म्हणाल्या, "आज सकाळी," आणि न मागता घोटभर चाखायला दिली. मग दांडा तीनदा सावकाश ओढला. ग्लास आधी ढगाळ दिसला, मग तळापासून वर निवळत गेला. रंग पातळ केलेल्या साजूक तुपाचा. फेस बोटभरही नाही. नाकाशी नेली तर ताज्या कापलेल्या गवताचा वास, मागे कोरड्या मारी बिस्किटाचा. पहिल्या घोटात हलका गोडवा, मग जिभेच्या मुळाशी संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा, तो गिळल्यावरही रेंगाळतो. आणि गारवा माठातल्या पाण्याचा. इंग्रज कोमट बिअर पितात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते चूक आहे. पिंपातली एल ११ ते १३ अंशांना देतात. फ्रीजइतकी थंड केली की तो बिस्किटाचा वास मरतो. चार पाउंड ऐंशी पेन्स. दोन दिवसांचा चिखल त्या एका ग्लासात फिटला. मी दुसरी मागवली.

किनाऱ्यावरचा पेला का आंबला होता तेही त्याच बाईंकडून कळलं. पिंपातली एल जिवंत असते, आत यीस्ट काम करत असतं, आपल्या इडलीच्या पिठासारखं. एल ओढली जाते तशी तिच्या जागी हवा आत जाते. साधारण तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे, नाहीतर ती मरते आणि मग आंबते. म्हणजे ज्या पबात दहा पंप आहेत आणि प्यायला चार माणसं, तिथे पिंपातली एल मागवूच नका. जिथे दोनच पंप आहेत आणि गावातली माणसं तीच पीत बसली आहेत, तिथे डोळे मिटून घ्या.

चाखायला मागायला लाजू नका. पिंपातल्या एलचा घोटभर नमुना देण्याची पद्धत आहे. आंबट लागली तर लगेच परत करा, चांगला पब बदलून देतो. फेस जास्त असेल तर "भरून द्या" म्हणा, इथल्या पब उद्योगाच्या स्वतःच्या नियमावलीनुसार पाइंटमध्ये किमान ९५ टक्के द्रव हवा, आणि मागितल्यावर भरून द्यायला नाही म्हणू नये. टेस्टिंग बोर्ड घेण्याआधी तीन पेल्यांची किंमत एका पाइंटशी ताडून बघा. शाकाहारी असाल तर एक प्रश्न जास्त विचारा: बऱ्याच पिंपांतली एल निवळायला माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. माझ्या मित्राला हे आधी माहीत नव्हतं, कळल्यावर तो दुखावला. वीगन असं बिल्ल्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारूनच घ्या.

टाँटनच्या परतीच्या बसची वेळ दुसरा पाइंट मागवण्याआधी बघा. आमच्या हातात नऊ मिनिटं होती, आणि दुखऱ्या मनगटाचा मित्र दोन्ही सॅक घेऊन थांब्यावर आधीच उभा होता.