बुलेट ३५०ला इंजेक्शन बसवताना: आधी टायमिंग, मग पेट्रोल

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी थ्रॉटल बॉडी शोधायला निघतात. खरं तर ती सगळ्यात शेवटी लागते. क्रँक या क्षणी नेमका कुठे आहे हे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) कळत नाही, तोवर इंजेक्टर, पंप आणि मॅप (पेट्रोल किती द्यायचं याचा तक्ता) यांचा काही उपयोग नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: कार्ब्युरेटर जागेवरच राहू द्या, फक्त इग्निशन ईसीयूकडे सोपवा, गाडी काही आठवडे तशीच चालवा आणि मगच पेट्रोलला हात लावा. दोन्ही कामं एकदम केली आणि गाडी सुरू झाली नाही, तर दोष ठिणगीत आहे की पेट्रोलमध्ये हे शोधण्यातच दिवस जातात.

इथे उदाहरण म्हणून रॉयल एन्फील्डचं ३४६ सीसीचं कार्ब्युरेटरवालं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं) इंजिन घेतलं आहे. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, कॉम्प्रेशन ८.५:१, ५२५० आरपीएमला १९.८ बीएचपी, दोन स्पार्क प्लग. याच ३४६ सीसी इंजिनावर कंपनीने २०२० साली बीएस-६साठी इंजेक्शन आणलं आणि क्लासिक ५००वर ते २००९पासूनच होतं. त्यामुळे थ्रॉटल बॉडी, पंप, सेन्सर जुन्या बाजारात मिळतात. ईसीयू मात्र कंपनीचा घेऊ नका, त्यात हवे तसे बदल करता येत नाहीत. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारा खुला ईसीयू या कामाला पुरतो: पेट्रोल आणि टायमिंगचे १६×१६ घरांचे तक्ते, ट्यूनिंगसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ.

मायलेजच्या आशेने हे काम काढू नका. नीट जेटिंग केलेला (योग्य मापाचे जेट बसवलेला) कार्ब्युरेटर पेट्रोलच्या बाबतीत फार मागे नसतो, आणि झालेला खर्च वाचलेल्या पेट्रोलमधून वसूल होणार नाही. थंडीतलं स्टार्टिंग, घाटातला एकसारखा पिकअप आणि टायमिंगवर पूर्ण ताबा, या तीन गोष्टींसाठी करायचं असेल तर करा.

दाते आणि पिकअप

कार्ब्युरेटरवाल्या बहुतेक गाड्यांत मॅग्नेटवर (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकावर) एक-दोनच उंचवटे असतात. तेवढ्यावर जुनं इग्निशन भागवतं, ईसीयूचं भागत नाही. एक दात गाळलेली चकती लागते, आणि तिचे दाते मोजणारा सेन्सर, म्हणजे पिकअप. बारा दात्यांवरही गाडी चालते, पण सिंगल सिलिंडरमध्ये क्रँकचा वेग एका फेऱ्यातच इतका कमी-जास्त होतो की दोन दात्यांमधला अंदाज चुकतो. २४ उणे १ (२४ दात्यांच्या जागांपैकी एक रिकामी) चांगला. मॅग्नेटचा बाहेरचा व्यास ११० मिमी धरला तर परीघ सुमारे ३४५ मिमी, म्हणजे दर १४.४ मिमीला एक दात. दात ७ मिमी, खाच ७ मिमी. साध्या लोखंडी पत्र्यातून लेझर कटिंग करून घ्या आणि चकती स्क्रूने बसवा. मॅग्नेटवर वेल्डिंग करायचं नाही, उष्णतेने चुंबक मरतो.

गाळलेला दात कुठे ठेवायचा याकडे फार कमी जण लक्ष देतात. दोन दात्यांमधली वेळ आधीच्या वेळेच्या सुमारे दीडपट झाली की ईसीयू तिथे पोकळी आहे असं समजतो. आता स्टार्टर दाबल्यावर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी पोचतो, तेव्हा क्रँक अडखळतो आणि साधे दातेसुद्धा लांबल्यासारखे वाटतात. पोकळी नेमकी तिथे असली, तर सिंक (क्रँकच्या जागेची ओळख) मिळत नाही, किंवा मिळून लगेच सुटतो. म्हणून पोकळी सेन्सरसमोर येईल तेव्हा पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर, टीडीसीपासून (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या टोकापासून) ७० ते ९० अंश लांब असायला हवा.

टीडीसी डोळ्यांनी ठरवू नका, कारण टोकाला पिस्टन काही अंश जवळजवळ हलतच नाही. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप लावा, क्रँक हाताने दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत फिरवा, दोन खुणा करा. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. तिथे मॅग्नेटवर आणि केसिंगवर रंगाची बारीक रेघ मारा.

सेन्सर व्हीआर प्रकारचा (चुंबक आणि गुंडाळीचा) असेल, तर फट ०.८ ते १ मिमी ठेवा आणि सेन्सर व ईसीयूच्या मध्ये सिग्नल साफ करणारा कंडिशनर बोर्ड घाला. त्याच्या दोन वायरी उलट लागल्या तरी गाडी सुरू होते, आणि घोळ तिथेच सुरू होतो: ईसीयू दात्याची चुकीची कड मोजतो आणि टायमिंग आरपीएमबरोबर सरकत जातं. वायर शील्ड असलेली घ्या, पण शील्डला अर्थ फक्त ईसीयूच्या टोकाला द्या.

कॉइल आणि ठिणगी

स्पीडुइनोच्या इग्निशन पिनवर फक्त ५ व्होल्टचा सिग्नल येतो. तो थेट कॉइलला जोडायचा नाही, मध्ये बॉशचा बीआयपी३७३सारखा, कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ड्रायव्हर हवा. दोन प्लगना दोन कॉइल आणि दोन ड्रायव्हर ठेवा, दोन्ही एकाच सिग्नलवर. कॉइल टीसीआयची (कॉइलमधला करंट तोडून ठिणगी देणाऱ्या इग्निशनची) असावी. सीडीआयच्या (कपॅसिटरमधून ठिणगी देणाऱ्या इग्निशनच्या) कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्याही खाली असतो. ती या ड्रायव्हरवर लावली तर ठिणगी कमकुवत मिळते, आणि ड्रायव्हर जळतो तो वेगळाच.

सॉफ्टवेअरमध्ये स्पार्क आउटपुटची दिशा निवडायची असते. बीआयपी३७३साठी ‘गोइंग लो’, म्हणजे सिग्नल खाली गेला की ठिणगी. ती उलटी निवडली की चार्ज व्हायचा तेवढा वेळ कॉइल बंद राहते आणि उरलेला सगळा वेळ तापत बसते. पहिल्यांदा किल्ली लावताना कॉइलवर हात ठेवा. इंजिन बंद असताना ती गरम झाली, तर दिशा चुकली आहे. ड्वेल (कॉइल चार्ज करण्याचा वेळ) ३ मिलिसेकंदांपासून सुरू करा. दहा मिनिटांच्या आयडलिंगनंतर कॉइलला हात लावता येत नसेल, तर ०.३ने कमी करा.

आता फिक्स्ड टायमिंग टीडीसीच्या १० अंश आधी ठेवून टायमिंग लाइट लावा. क्रँकवरूनच खबर घेणारा ईसीयू दर फेऱ्याला ठिणगी देतो, म्हणजे एक एक्झॉस्टच्या वेळी वाया जाते. त्यामुळे डायलवाले काही डिजिटल लाइट दुप्पट आकडा दाखवतात. डायल शून्यावर ठेवा आणि १० अंशांची खूण मॅग्नेटवरच करा. खूण पुढे-मागे दिसली तर सॉफ्टवेअरमधला ट्रिगर अँगल (चकतीची खूण आणि टीडीसी यांच्यातला कोन) बदला. १२०० आणि ४००० आरपीएमला खूण एकाच जागी दिसली पाहिजे. सरकत असेल, तर आधी पिकअपच्या वायरी उलटून पाहा.

अॅडव्हान्सचा (टीडीसीच्या किती अंश आधी ठिणगी पडते याचा) पहिला तक्ता जरा मागे धरा: आयडलला ८ ते १०, पूर्ण थ्रॉटलला ३००० आरपीएमच्या पुढे २६ ते २८, हलक्या लोडवर ३२ अंश. दोन प्लग असल्याने ज्वलन लवकर उरकतं, एका प्लगच्या जुन्या इंजिनाचे आकडे इथे उचलून लावू नका. स्टार्टिंगला ५ अंशांच्या वर जाऊ नका. इंजिन उलटं फिरलं की किक मारणाऱ्याचा घोटा जातो. सेल्फवर तीच झटक्याची ताकद स्प्रॅग क्लचवर (स्टार्टरच्या एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचवर) येते, आणि त्याचा खर्च बुलेटवाल्यांना सांगायला नको.

वीज

पंप २ ते ३ अँपिअर घेतो, इंजेक्टर एकाहून कमी, ईसीयू आणि रिले मिळून जवळपास अर्धा, वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर एक-दीड. म्हणजे ६० ते ७५ वॉटचा नवा बोजा, आणि हेडलाइट आहेच. १५०० आरपीएमला हेडलाइट लावून बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर मिळत नसतील, तर आधी रेग्युलेटर आणि स्टेटर बघा. बॅटरी बसली तर कार्ब्युरेटरची गाडी ढकलून सुरू होते, ही होणार नाही.

मेन रिले आणि पंप रिले वेगळे ठेवा, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. सेन्सरचे सगळे अर्थ ईसीयूकडे, ईसीयूचा अर्थ थेट इंजिनावर. रंगवलेल्या चासीवर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. प्लग रेझिस्टरवालाच हवा, कॅप ५ किलोओहमची. नाहीतर ठिणगीच्या विद्युत गडबडीने (नॉइजने) आर्डुइनो मध्येच रीसेट होतो आणि चालत्या गाडीत अर्ध्या सेकंदाचं मिसिंग जाणवतं. हे मिसिंग पेट्रोलमुळे आहे असं समजून मॅप बदलत बसणारे कितीतरी भेटतात.

पडल्यावर पेट्रोल तोडणारा टिप-ओव्हर सेन्सर पंपाच्या रिलेत जोडाच. आडवी पडलेली इंजेक्शनची गाडी चालू राहू शकते आणि पंपही ३ बारने पेट्रोल ढकलत राहतो.

पेट्रोल

आधी इंजेक्टरचं माप काढू. ३४६ सीसीत २५ अंश तापमानाला सुमारे ०.४१ ग्रॅम हवा मावते. हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला हवा-पेट्रोलचं योग्य प्रमाण सुमारे १३.५, म्हणजे ०.०३ ग्रॅम किंवा ०.०४ सीसी पेट्रोल. मिनिटाला १५० सीसीचा इंजेक्टर सेकंदाला २.५ सीसी देतो, तेव्हा एका वेळेला १६ मिलिसेकंद लागतात. ५२५० आरपीएमला दोन फेऱ्यांना २२.९ मिलिसेकंद मिळतात. सिलिंडरचं भरण ८० टक्के आणि लॅम्डा (हवेचं प्रमाण योग्य प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) ०.८७ धरलं तर १५ मिलिसेकंद, वर इंजेक्टर उघडायला लागणारा एक: एकूण १६. म्हणजे ७० टक्के ड्यूटी (मिळालेल्या वेळेपैकी इंजेक्टर उघडा असण्याचा वाटा), जागा पुरेशी. कारचा ३०० सीसीचा इंजेक्टर लावला तर आयडलला पल्स इतकी लहान होते की तो दर वेळी वेगळं पेट्रोल देतो आणि आयडलिंग कधीच बसत नाही. रेझिस्टन्स १२ ते १६ ओहमचा हवा, २-३ ओहमचा नको.

लॅपटॉपवर सगळं लॅम्डामध्येच पाहा. १४.७चा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे, ई२०ला तो लावला की डोक्यात गोंधळ होतो.

थ्रॉटल बॉडी २८ ते ३० मिमीची पुरते. ५००ची त्याहून मोठी बॉडी बसवता येते, पण पहिल्या पाव फिरकीतच सगळी हवा आत जाते आणि शहरात गाडी झटके देते. पंप टाकीतला, पेट्रोलच्या दाबाच्या रेग्युलेटरसकट असलेला घ्या, परतीचा पाइप वाचतो. टाकीला पंपाची रिंग वेल्ड करायची असेल, तर टाकी धुऊन, वाफ पूर्ण काढून, पाण्याने भरून आणि ज्याने आधी टाक्या केल्या आहेत त्याच्याकडूनच. बाहेरचा पंप टाकीच्या खाली आणि इंजिनापासून लांब हवा, नाहीतर मे महिन्यात अकोला-नागपूरच्या बाजूला पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसता घुरघुरतो. पाइप उच्च दाबाचा, एसएई जे३०आर९. साध्या पेट्रोल नळीला ३ बार झेपत नाहीत. क्लॅम्प गोल पकडणारे, खाचांचे क्लॅम्प नळी कापतात.

लोड कसा मोजायचा

चार सिलिंडरच्या गाडीत मॅनिफोल्डचं प्रेशर बऱ्यापैकी स्थिर असतं. सिंगलमध्ये ते दर इनटेक स्ट्रोकला कोसळतं आणि मधल्या वेळात पुन्हा बाहेरच्या हवेइतकं होतं. सरासरी घेतली तर आकडा निरर्थक. स्पीडुइनोत ‘सायकल मिनिमम’ निवडा, म्हणजे प्रत्येक चक्रातला सगळ्यात खालचा आकडा धरला जातो. तरी नाचत असेल, तर अल्फा-एन, म्हणजे थ्रॉटलच्या कोनावर मॅप करा. सिंगलसाठी अल्फा-एन जास्त शांत चालतो.

त्याची एक अडचण घाटात कळते. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) जोडलेला असला तर ईसीयू किल्ली लावताना बाहेरचं प्रेशर वाचतो आणि तेच धरून बसतो. वाई ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे. पसरणी घाट चढून वर पोचेपर्यंत प्रेशर सुमारे ७ किलोपास्कलने उतरतं आणि गाडी तेवढीच, सात-आठ टक्के रिच (पेट्रोल जास्त) होते. पाचगणीला चहाला थांबून किल्ली बंद-चालू केली तरी भागतं. कायमचा इलाज म्हणजे बाहेरच्या हवेसाठी वेगळा बॅरो सेन्सर.

ट्यूनिंग

वाइडबँड सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९, बेंड पाइपवर १८×१.५चा नट वेल्ड करून, आडव्यापेक्षा किमान १० अंश वर तिरका, म्हणजे पाणी आत साचत नाही. हीटर बंद ठेवून गाडी चालवली, तर काजळीने तो निकामी होतो. सायलेन्सर उघडा असेल, तर आयडलला बाहेरची हवा मागे येते आणि वाचन खोटं लीन (पेट्रोल कमी) दाखवतं. तिथे आकड्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा.

लक्ष्य असं ठेवा: आयडल ०.९५, हलक्या लोडवर १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८७. एअर-कूल्ड इंजिनाला उन्हाळ्यात भरल्या लोडवर लीन चालवणं म्हणजे पिस्टनवर पैज लावणं. आधी स्थिर थ्रॉटलवर एकेक घर बसवा, अॅक्सिलरेशन एन्रिचमेंट (थ्रॉटल पिळताच दिलं जाणारं जादा पेट्रोल) शून्यावर ठेवून. मूळ तक्ता चुकीचा असताना एन्रिचमेंट वाढवली की दोन चुका एकमेकींना झाकतात. लॅपटॉप पिशवीत, लॉगिंग चालू, मोकळा रस्ता. लॉग घरी येऊन वाचा, चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही.

हवेच्या तापमानाचा सेन्सर थ्रॉटल बॉडीत असेल, तर सिग्नलला उभी गाडी त्याला ६० अंशांपर्यंत तापवते. ईसीयूला वाटतं हवा विरळ झाली, तो पेट्रोल कापतो आणि सिग्नल सुटताना गाडी अडखळते. सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यात हलवा. ते जमत नसेल, तर दुरुस्तीच्या तक्त्यात वरच्या तापमानाची कपात निम्मी करा.

आयडलसाठी वेगळा व्हॉल्व्ह नसेल, तर बायपास स्क्रूने १२०० आरपीएम बसवा आणि बाकीचं टायमिंगवर सोडा: आरपीएम खाली गेला की दोन-तीन अंश पुढे, वर गेला की मागे.

कागदपत्रांकडेही लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला परवानगी देत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं हेच शोधते. म्हणून आधी आरटीओत विचारा. मूळ कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि वायरिंग फेकू नका, खोक्यात नाव घालून ठेवा.