अर्ध्या मिनिटाचा उशीर

आबांनी आज सकाळी सोप्यातलं घड्याळ रेडिओवर मिळवलं. बातम्यांआधीची टुक-टुक झाली, शेवटच्या ठोक्याला त्यांनी काटा सोडला, आणि घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं. "रेडिओवर वाजलंय की रं आत्ता," एवढंच म्हणाले. आता रेडिओ म्हणजे मोबाईलवरचं आकाशवाणीचं ॲप. माळ्यावरच्या रेडिओ संचाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

अर्ध्या मिनिटाने कुणाचं काय अडतं? तरी दिवसभर ते मनातून जात नाही.

ॲपवर आवाज मागे का राहतो, हे सांगता येतं. स्टुडिओतला आवाज आधी आकड्यांत दाबला जातो, मग त्याचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात. तुकडा पुरा झाल्याशिवाय सर्व्हरवर चढत नाही. मोबाईलही पहिला तुकडा आला की लगेच वाजवत नाही. रेंज गेली तर आवाज तुटू नये म्हणून तीनेक तुकडे साठवतो आणि मग सुरू करतो. तिथेच अठरा सेकंद गेले. दाबणं, चढवणं, उतरवणं यांचा वेळ निराळा. वाजता वाजता नेट अडखळलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं, म्हणजे तेवढी भर पडते आणि ती आपोआप भरून निघेलच असं नाही. बंद करून पुन्हा लावलं की वाढलेला उशीर जातो, मूळचा राहतो. एकाच घरात दोन मोबाईलवर तेच केंद्र लावून बघा. सोप्यात एक वाक्य चालू असतं आणि स्वयंपाकघरात त्याच्या आधीचं.

हे दुसरंच जास्त टोचतं. उशीर सगळ्यांना सारखा असता तर चाललं असतं. आता प्रत्येकाचा उशीर वेगळा.

सांगलीचं केंद्र १९६३ साली सुरू झालं, मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर. पुढे त्याची जागा १२५१ किलोहर्ट्झ. कोल्हापूरकरांचं जवळचं केंद्र कितीतरी वर्षं तेच होतं. सांगलीहून निघालेली लहर पन्नासेक किलोमीटर ओलांडून इथे यायला सेकंदाचा सहा हजारावा भाग लागतो. कोल्हापूरच्या शाहू मिलचा भोंगासुद्धा दर किलोमीटरला तीन सेकंद मागे राहायचा, कारण आवाज तेवढाच धावतो. दिल्लीच्या बातम्या उपग्रहावरून सहक्षेपित व्हायला लागल्यावर त्या टुक-टुकीतही पाव सेकंद शिरला, कारण लहरीला छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तेवढंच खाली यावं लागतं. पण तो पाव सेकंद गंगावेशीत, शिरोळात आणि गडहिंग्लजमध्ये एकच होता. घड्याळं चुकली तरी सगळी मिळून चुकायची.

व्हॉल्व्हचा संच तापायला अर्धा मिनिट घ्यायचा, हे खरं. बटण फिरवलं की आधी डायलवरचा दिवा, मग फिलामेंटची लाली, मग घरघर, आणि शेवटी आवाज. महागड्या संचाला हिरवा डोळा असायचा. केंद्र बरोबर लागलं की त्याची पाकळी मिटत यायची. पण त्या अर्ध्या मिनिटात बातमी थांबत नसे, गेलेलं वाक्य गेलंच. म्हणून सात-दहाच्या पुण्याच्या बातम्यांसाठी सातलाच संच तापत ठेवायचा. आढ्याला तांब्याच्या जाळीची एरियल, मागून अर्थिंगची तार आणि पोस्टातून काढलेलं लायसन्स. आता उलटं आहे. ॲपवर नेट अडखळलं तर आवाज जिथे थांबला तिथूनच पुढे चालू होतो.

आज सारखं आठवतंय ते १९५६ चं. पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेती मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, त्यांत पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपलं कोल्हापूर. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस. गावातली पंधरा-वीस माणसं एका संचापुढे बसून ऐकायची, मग त्यावर बोलायची, आणि मंडळाचे प्रश्न केंद्राकडे जायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचं सूत्र. कार्यक्रम संपला की सगळ्यांचा एकदमच संपायचा, म्हणून तर लगेच बोलणं सुरू व्हायचं. गुळाचा भाव ऐकून दोघं एकदम एकमेकांकडे बघतात, ते आज दोन मोबाईलवर होणार नाही. एकजण बघेपर्यंत दुसऱ्याचा भाव यायचाय.

मध्यम लहर आपण आपल्या हाताने घराबाहेर घालवली. आकाशवाणीने अनेक प्रक्षेपक नंतर बंद केले, आधी घरात खरखर शिरली. एलईडी दिवा, चार्जर, टीव्हीचा डबा, इन्व्हर्टर, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडणारं सर्किट असतं. त्याची वारंवारता समजा पासष्ट किलोहर्ट्झ असली, तर तिच्या पटीत पुढे पुढे गुरगुर उठते. एकोणिसावी पट १२३५ ला येते, म्हणजे सांगलीच्या जवळपास. त्यातच स्वस्त दिव्यात ही खरखर गाळणारे कॉइल आणि कंडेन्सर वाचवलेले असतात. मध्यम लहरीत आवाज हा लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ही खरखरही उंचीच बदलते, म्हणून संचाला दोन्हींतला फरक कळत नाही.

तपासायचं तर सोपं आहे. संच सेलवर लावायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. खरखर थांबली तर दोष घरातला. मग एकेक एमसीबी चढवत जायचं, जिच्यावर खरखर परत येईल त्या लाइनवर चोर आहे. खरखर राहिली तर संच आडवा फिरवून बघायचा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे मध्यम लहरींची एरियल, केंद्राकडे टोक करून असली तर आवाज पडतो, आडवी असली तर चढतो. याचाच उलटा उपयोग करून कांडीचं टोक शेजारच्या चार्जरकडे वळवलं तर खरखर पुष्कळ मरते. नुसता आवाज वाढवताना खर्र होत असेल तर तो व्हॉल्यूमचा कंट्रोल. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवला की काम होतं. काटा सरकतो पण केंद्र बदलत नाही, किंवा उलटं, तर डायलचा दोरा सैल झालाय. दोरा जुळवणं हे मात्र सवयीच्या हाताचं काम.

हे सगळं सांगता येतं, आणि तरी माळ्यावरचा... असो.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरला आपलं केंद्र मिळालं, १०२.७ मेगाहर्ट्झवर. एफएमला ही खरखर फारशी लागत नाही, पण डोंगर आडवा येतो. गगनबावड्याकडे, राधानगरीच्या खोऱ्यात, शाहूवाडीच्या आत आवाज फुटतो. खाजगी केंद्रं नंतर आली, टोमॅटो ९४.३, मिर्ची ९८.३. गाण्यांना त्यांनी शहराची बोली दिली हे मी मनापासून मानतो. पण स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगी नाही, म्हणून दिवसाला बांधणारी खूण त्यांच्याकडे नव्हती. दुपारी तीनला लावा की पाचला, सारखंच.

मग एफएम मोबाईलमध्ये गेला. तिथे इयरफोनची वायर हीच एरियल असते, वायर काढली की रेडिओ मुका. पुढे कंपन्यांनी तिचं भोकच काढून टाकलं. ब्लूटूथचा इयरफोन एरियलचं काम करू शकत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली, तोवर माणसं ॲपवर गेली होती.

संध्याकाळी अक्काशी बोलताना मात्र थोडं हललो. ती म्हणाली, तुमच्या त्या एकत्र ऐकण्यात बटण कुणाच्या हातात होतं? बरोबर आहे तिचं. संच सोप्यात उंच फळीवर, बटण घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात. आतल्या बायका भिंतीआडून, भांड्यांच्या आवाजातून ऐकायच्या. बायकांसाठीचं वनिता मंडळ लागलं तर लागलं, कुणी बंद केलं तर बंद. आता ती भाकरी थापताना तिला हवं ते केंद्र लावते, आणि पुण्याला नोकरीला गेलेला तिचा मुलगा तेच कोल्हापूर केंद्र तिथे ऐकतो. १०२.७ त्याच्या खोलीपर्यंत कधीच पोचलं नसतं. दोघांत वीस सेकंदांचं अंतर असेल. ते मला खुपतं, त्यांना नाही, आणि ऐकणारे ते दोघं आहेत. हे कबूल करताना बरं वाटलं, थोडं वाईटही.

एका बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांना इशारा पातळीला लागतं, त्रेचाळीसला धोका पातळीला. २०१९ सारखा पूर आला की वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपतात, मग नेट. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी त्या वेळी ॲपवर मिळत नाही. म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक घरात सेलवर चालणारा एक साधा एफएम संच तपासून ठेवावा. अँटेना उभी आणि त्र्याहत्तर सेंटिमीटरपर्यंत ओढलेली, कारण १०२.७ च्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो. ती आखूड असेल तर वायरचा तेवढाच तुकडा चिमट्याने जोडावा. सेल संचात ठेवू नयेत, गळतात आणि स्प्रिंग खातात. चढलेली हिरवी पूड लिंबाच्या रसाने पुसून, वाळवून, बारीक पॉलिशपेपर मारला की संपर्क परत येतो. काटा १०२.७ वर आणून तिथे नखपॉलिशचा ठिपका द्यावा, म्हणजे अंधारात टॉर्चच्या उजेडातही कुणालाही केंद्र लावता येईल, अक्कालाही, पोरांनाही.