दोन हजार लिटर कोण खातं?

ठाण्यात मी लोकांच्या घरी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेले फिशटँक, लावून देते आणि नंतर सांभाळते. लोकांना वाटतं, दिवसभर मासे बघायचे, काय मजा! प्रत्यक्षात निम्मा वेळ माझं डोकं कॅबिनेटमध्ये असतं आणि हातात एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा जोड.

गेल्या महिन्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा फोन आला. "ताई, झाडांना काळी दाढी फुटलीय. पंप कमी पडतोय. मोठा आणून ठेवलाय, फक्त बसवून द्या." आधी खरेदी, मग फोन. नेहमीचंच.

टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर. माती-दगड वजा जाता २१० धरा. खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी; तिथून पंप पाणी परत वर टँकमध्ये चढवतो. अनुबियस नावाच्या झाडाच्या पानांच्या कडांना काळं शेवाळ, तेही फक्त डाव्या कोपऱ्यात. पाण्यातला सीओटू (झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड) रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर उजवीकडे पंपाच्या पाइपाच्या तोंडापाशी अडकवलेला, छान हिरवा, म्हणजे पुरेसा. तो डाव्या कोपऱ्यात लावला आणि तोवर बाकीची साफसफाई उरकली. दोनेक तासांत तो निळा झाला. त्या कोपऱ्यात सीओटू पोचतच नव्हता.

जुन्या पंपाच्या खोक्यावर ३००० लिटर ताशी. काका तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी २० लिटरची बादली मागितली. पाइपाच्या तोंडाला नळीचा तुकडा जोडला, तोंड टँकच्या काठाइतकंच उंच धरलं, स्टुलावर बादली, आणि काकांच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. ७२ सेकंद. ताशी १००० लिटर.

काकांनी डायरीत हिशोब मांडला आणि चष्म्यावरून विचारलं, "मग दोन हजार लिटर कोण खातं?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही दुकानदाराने विचारलेला नाही. ते फक्त "टँक किती फुटी?" एवढंच विचारतात आणि खोकं काढून देतात. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात कमाल उंची २.५ मीटर लिहिलेली होती, म्हणजे तिथे पाणी शून्य. सम्पच्या पाण्यापासून टँकच्या काठापर्यंत १.१ मीटर. ढोबळ हिशोबाने तिथेच १६८० वर आलो. उरलेलं खाल्लं अर्धा इंची पाइपने आणि चार काटकोनी एल्बोंनी. पाइप ज्याने टाकला त्याने बहुतेक बेसिनचं उरलेलं सामान वापरलं होतं.

काकांच्या समाधानासाठी नवा पंपही त्याच पाइपवर लावला. ५००० लिटरचा, ८० वॅटचा. ६० सेकंद. ताशी १२००. एवढा खर्च करून २०० लिटर जास्त, आणि वर घरघर. शिवाय पाण्यात बुडालेल्या पंपाचे वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. चोवीस तास चालला तर महिन्याला जवळपास ५८ युनिट. जुना २५ वॅटचा, १८ युनिट.

मग एल्बो कापून काढले, पाऊण इंची लवचिक नळी मोठ्या वळणाने वर नेली आणि जुना पंप लावला. ४८ सेकंद. ताशी १५००, टँकमधल्या पाण्याच्या सातपट. मला एवढं पुरतं. तोंड लांब काचेकडे वळवलं, कुटलेलं फिशफूड चिमूटभर टाकून ते कुठे थबकतं हे बघत कोन ठरवला. डाव्या कोपऱ्यातली पानं हलकी डुलायला लागली. पाण्याच्या रेषेजवळ नळीला छोटं भोकही पाडलं. नाहीतर वीज गेली की टँकचं पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं आणि हॉलची फरशी ओली होते. हे भोक आजवर किती घरांत नसलेलं पाहिलंय, सांगून सोय नाही.

काका खूश. सगळे आकडे त्यांच्याच अक्षरात डायरीत. दुकानदाराने मोठा पंप परत घेतला नाही, ते अपेक्षितच होतं.

पुढच्या फेरीला गेले तर सम्पमध्ये ८० वॅटवाला सुरू. मोकळ्या नळीतून आता पाणी असं उसळत होतं की ओव्हरफ्लो (टँकचं पाणी खाली सम्पमध्ये नेणारी वाट) गुरगुरत होता, वरचा पृष्ठभाग ढवळून सीओटू उडून जात होता आणि निऑन टेट्रा दगडाआड एका जागी दबून बसले होते. थर्मामीटर ३१ वर.

"काका, आकडे तुम्हीच लिहिले होते ना?"

"हो हो, बरोबरच आहेत ते. पण पैसे दिलेत, पडून कशाला ठेवायचा? आणि ताई, आता पाणी फिरतंय हे कळतं तरी. तुमच्या त्या पंपाचा आवाजच यायचा नाही."

काकू आतून म्हणाल्या, "रात्री टीव्ही ऐकू येत नाही, ते सांगा."

हिशोब न कळणाऱ्या माणसाला समजावता येतं. ज्याला कळलाय आणि तरी ८० वॅट हवेत, त्याला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. रविवारी जाताना पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह नेणार आहे. तो पंपाच्या पुढच्या बाजूला बसवायचा. ओढीच्या बाजूला पंप कधी आवळायचा नाही. पाणी १५०० वर आणून देईन. सोबत क्लिपवाला छोटा पंखाही नेते, पाण्यावर वारा घालायला. त्याचे पैसे काका देतील, फक्त तो किती वॅटचा आहे हे आधी विचारतील.