आईच्या ड्रॉवरमधले बाम

रविवार, रात्री साडेदहा

आज आईकडे गेले होते. तिला कणकण वाटत होती म्हणून थर्मामीटर शोधायला पलंगाशेजारचा ड्रॉवर उघडला, तर आत सहा बाम. सगळे सीलबंद. शेजारी चार टूथब्रश, ग्लुकोजचे तीन डबे, कापसाची बंडलं, खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं तर मोजलीच नाहीत. धस्सच झालं. आई ७४ ची आहे, बाबा गेल्यापासून एकटी राहते, मनात नको नको ते आलं, की आणलेलं हिला आठवत नाहीये की काय. विचारलं तर अगदी सहज म्हणाली, "अगं तीनशे व्हावे लागतात ना."

मला दोन मिनिटं कळेचना. मग सगळं बाहेर आलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर बोर्ड आहे, ३०० रुपयांच्या खाली कार्ड चालणार नाही. आईची बीपीची पट्टी साठ-बासष्ट रुपयांना येते, सोबत कधी कॅल्शियमच्या गोळ्या, म्हणजे बिल दीडशेच्या आतबाहेर. मग वर एक बाम, एक ब्रश, एखादा ग्लुकोजचा डबा असं करत ती तीनशे भरते. दर वेळी. वर्षभर तरी हे चाललंय आणि मला पत्ता नाही.

म्हटलं, आई तू कॅश का नाही देत? तर तिचं म्हणणं, पेन्शन बँकेत येते, जवळचं एटीएम निम्म्या वेळा बंद असतं, चालू असलं तर पाचशेच्या नोटा देतं आणि पाचशेची नोट काढली की हाच मेडिकलवाला म्हणतो काकू सुट्टे द्या. बरोबर आहे तिचं. आणि यूपीआय ती वापरत नाही. येत नाही म्हणून नाही, ठरवून वापरत नाही. तिच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना केवायसीच्या नावाखाली फोन आला आणि खात्यातले पैसे गेले, त्या दिवसापासून आईने ठरवलं की फोनमध्ये बँक नको. "कार्ड पाकिटातून गेलं तर मला कळतं, फोनमधून काय गेलं ते कसं कळणार?" तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलेली बाई आहे, ती असं म्हणते तेव्हा मी तिच्याशी वाद घालत नाही.

आणि हे कार्ड वापरायला ती कशी शिकली ते मी बघितलंय. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा रांगेत उभं राहून पाय सुजले होते तिचे, बाबा होते तेव्हा. बँकेत, टीव्हीवर, सगळीकडे एकच, कार्ड वापरा कार्ड वापरा. तिने वहीच्या मागच्या पानावर मशीनची चौकोनी बटणं काढून पिन दाबायची प्रॅक्टिस केली होती, शेवटचं हिरवं बटण हिरव्या स्केचपेनने रंगवलं होतं. त्या वेळी ह्याच मेडिकलच्या काचेवर 'येथे कार्ड स्वीकारले जाते' असं मोठं स्टिकर होतं. ते अजून आहे, अर्धं निघालेलं.

संध्याकाळी तशीच गेले मेडिकलमध्ये. रागातच गेले होते. पण दुकान रिकामं होतं, तो एकटाच होता, आणि माणूस वाईट नाहीये, आईला रात्री नऊ वाजता गोळ्या घरी आणून दिल्यात त्याने. मी म्हटलं दादा, माझ्या आईच्या घरात सहा बाम पडलेत तुमच्या बोर्डामुळे. त्याला खरंच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने स्टूल पुढे केलं आणि हिशोब मांडला, आणि तो हिशोब मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराला त्याच्या खरेदीवर १६ टक्के मार्जिन, म्हणजे टॅक्स सोडला तर छापील १०० रुपयांतले साधारण १४ त्याचे. त्यात आता प्रत्येक गिऱ्हाईक १० टक्के डिस्काउंट मागतं, ऑनलाइनवाले देतात म्हणून. उरले चार. त्यात कुणी क्रेडिट कार्ड दिलं की दोन टक्क्यांच्या आसपास त्याला कापून येतं, म्हणजे चारातले जवळजवळ दोन गेले. वर मशीनचं महिन्याचं भाडं वेगळं, ते विक्री होवो न होवो. "ताई, लोक अठ्ठावीस रुपयांच्या क्रीमला क्रेडिट कार्ड काढतात, पॉइंट मिळतात म्हणून. त्यांचे पॉइंट माझ्या खिशातून जातात." ह्याला मी काय उत्तर देणार? मी स्वतः पॉइंटसाठी तेच करते, चहापावडरीलासुद्धा.

पण आईचं कार्ड क्रेडिट नाही ना! पेन्शनच्या खात्याचं साधं रुपे डेबिट कार्ड आहे. आणि रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून कमिशन घ्यायचंच नाही असा नियम आहे, यूपीआयला जसं शून्य तसंच ह्यालाही शून्य. मला हे माहीत आहे कारण ऑफिसात अकाउंट्सला मी हेच बघते. बाकीच्या डेबिट कार्डांनासुद्धा रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून वरची मर्यादा घातलीये, वर्षाला वीस लाखांपर्यंत धंदा असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याच्या वरच्यांना ०.९०. म्हणजे आईच्या ६१ रुपयांच्या पट्टीवर रुपे सोडून दुसरं कुठलं डेबिट कार्ड असतं तरी कापले गेले असते जास्तीत जास्त ५५ पैसे.

त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला दुसऱ्या दिवशी एकत्र रक्कम जमा होते, कापून आलेली, त्यातलं कुठल्या कार्डाचं किती कापलं हे त्याने कधी उघडून बघितलं नव्हतं, कोण बघतं, दुकान बंद करून घरी जायला साडेदहा होतात. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या मोबाईलवर मागच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडलं. क्रेडिटच्या ओळीसमोर कपात. क्रेडिट, कपात. मग आईची ओळ सापडली, ३१२ रुपये, समोर शून्य. तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसला. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल राग उरला नाही, राग आला तो मशीन विकून गेलेल्यांचा. भाडं महिन्याच्या महिन्याला बरोबर कापतात आणि ही एवढी एक गोष्ट त्याला नीट समजावून सांगायला कुणी आलं नाही. बोर्डावर एकच शब्द, 'कार्ड'. क्रेडिटची भीती आणि भुर्दंड डेबिटवाल्यांना. आणि आज डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर उभं कोण असतं? पोरं सगळी स्कॅन करतात. उरतात ती आईसारखी माणसं.

रात्री भावाला फोन केला, तो न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला तिथेही लहान दुकानांत असे बोर्ड असतात, पण २०१० च्या कायद्याने मिनिमम लावायची मुभा दिलीय ती फक्त क्रेडिट कार्डाला आणि तीही १० डॉलरपर्यंतच, डेबिटला कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार लावता येत नाही. एवढी साधी फोड आपल्याकडे एका बोर्डावर करायला काय जातंय!

मेडिकलवाला म्हणाला, काकूंना लिमिट नाही, त्यांना सांगा बिनधास्त या. मी थँक्यू म्हटलं पण माझं समाधान झालं नाही आणि मी ते त्याला सांगितलंही. ही मेहेरबानी नको. माझ्या आईला मुलगी आहे, ती भांडायला आली. त्याच गल्लीत दोन बिल्डिंग सोडून एक आजी आहेत, त्यांचा मुलगा पुण्याला, तो महिन्यातून एकदा येतो, त्यांच्या ड्रॉवरमध्ये काय काय साठलंय कुणास ठाऊक. बोर्ड बदला म्हटलं. 'क्रेडिट कार्ड ३०० च्या पुढे' असं लिहा, तुमचंही नुकसान नाही. तो म्हणाला मालकाला, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाला विचारतो. बघू. बुधवारी परत जाणार आहे मी.

परत आले तर आई पलंगावर बसून सहा बाम ओळीने मांडून एक्सपायरी बघत होती. दोन पुढच्याच महिन्यात संपतायत. एक माझ्या पर्समध्ये टाकला, एक कामवाल्या मावशींना ठेवला. मग वही काढली, तीच गणिताच्या बाईंची सवय, आणि वर्षभरात गरज नसताना किती रुपयांच्या वस्तू आणल्या त्याची बेरीज करायला लागली. मी म्हटलं, राहू दे ना आई. तर म्हणाली, थांब, ग्लुकोजचा एक डबा धरायचा राहिला.