हे खरे आहे काय?

विधिमंडळ आणि विज्ञान म्हटलं की लोकांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवतो. तोही नागपूरच्याच डिसेंबरच्या अधिवेशनात मंजूर झाला होता. माझ्या वाट्याला आलेलं विज्ञान मात्र एका पर्जन्यमापकाएवढं होतं.

मी तेव्हा विदर्भातल्या एका आमदारांकडे अभ्यासाचं काम करायचो. कागद वाचायचे, टिपणं काढायची. आमचं गाव संत्र्याच्या पट्ट्यातलं. आपल्याकडे पावसाचा हिशेब महसूल मंडळागणिक बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून होतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर नोंदले गेले तर अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. ज्या रात्री नाला आमच्या घरात शिरला, त्या रात्री केंद्राचा आकडा ६५ च्या आतच राहिला. जाऊन पाहिलं तर यंत्राला लागून बाभूळ माजलेली. पर्जन्यमापक जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, हा साधा नियम. शिवाय आतली दोन चमचेवजा भांडी आलटून पालटून भरतात, कलंडतात, आणि किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस मोजला जातो. पाऊस फार जोराचा असला की कलंडता कलंडता काही पाणी मोजमापातून सुटतं. म्हणून अशा यंत्राचं वेळोवेळी कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप बरोबर येतंय का ते तपासून नीट करणं, लागतं. ते झालं होतं का, हेच विचारायचं होतं.

मी दोन पानं लिहून नेली. आमदारांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे तं भाषण झालं बाप्पा. प्रश्न कुठी हाये?"

प्रश्नात आरोप चालत नाही, तर्क चालत नाही, स्वतःचं मत चालत नाही, उपरोध तर नाहीच. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात, मग 'हे खरे आहे काय', 'असल्यास' आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. माझा 'निष्काळजीपणा' पहिल्या फेरीत गेला. दुसऱ्या फेरीत बाभूळ गेली, तिच्या जागी 'अडथळा' आला. दोन पानांच्या नऊ ओळी झाल्या. त्यात आणखी एक घोळ: ६५ मिलिमीटरचा निकष एका खात्याचा, यंत्रं दुसऱ्याची. चुकीच्या मंत्र्यांच्या नावे गेला तर प्रश्न नुसता फिरत बसतो. आम्ही यंत्रवाल्यांना गाठलं.

प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारला गेला तेव्हा मला वाटलं, आता सभागृहात उत्तर मिळणार, भाऊ उपप्रश्नांनी घेरणार. आमदार निवासातल्या खोलीत बसून मी सहा उपप्रश्न काढले. बाहेर तर्री-पोह्यांचा वास, मॉरिस कॉलेजकडून मोर्चांचा आवाज. प्रत्यक्षात आमचा क्रमांक यादीत इतका खाली होता की प्रश्नोत्तराचा तास संपला तरी तिथवर कोणी पोहोचलं नाही. माझे सहाही उपप्रश्न खिशातच राहिले. हाती आलं ते छापील उत्तर.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. प्रश्न स्वीकारला की वरून खाली माहिती मागवली जाते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अधिवेशनाच्या आठवडाभर आधी बाबांचा फोन आला. "अरे, जीप आली होती. बाभूळ तोडून गेले. यंत्र पुसलं, फोटोही काढले."

छापील उत्तरात लिहिलं होतं: सदर केंद्राची तपासणी करण्यात आली असून पर्जन्यमापकाजवळ कोणताही अडथळा आढळून आला नाही. आणि विलंबाच्या कारणांपुढे, प्रश्न उद्भवत नाही.

मी कागद आपटला. भाऊ मात्र हसत होते.

"तोडाच्या आधीचा फोटो हाये ना तुह्यापाशी? तारखेचा?"

होता.

"मंग बस. याच उत्तरावर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना लिव. अन् या बारीला बाभूळ नको, तारीख लिवजो."