आमची वाटचाल: पंप खाली ठेवल्यानंतर

पॉलिहाऊसमध्ये पानाखाली पांढरी माशी दिसली की हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. अ‍ॅक्वापोनिक्स (एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी) करणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्या काकडीच्या मुळांशी जे पाणी असतं तेच फिरून माशांच्या टाकीत जातं. वाटेत जैविक गाळणी असते, तिथे माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू राहत असतात. पानावर मारलेलं काहीही आज ना उद्या त्या पाण्यात उतरतं. आमचा धंदा मित्रकीटकांचा, म्हणजे किडींना संपवणारे त्यांचे शत्रू वाढवून विकण्याचा. तो आज ज्या पद्धतीने चालतो ती पद्धत या एका अडचणीतून घडली, म्हणून सुरुवात तिथून.

त्याआधी मी पिकांवरची औषधं विकायचे, एका वितरकाकडे नोकरीला होते. हरितगृहांचे ग्राहक माझ्याकडे होते आणि त्यांचं चक्र ठरलेलं असायचं. नवं औषध पहिल्या हंगामात झकास लागू पडायचं. पुढच्या हंगामात फवारण्यांची संख्या वाढायची, मग दोन औषधं एकत्र, आणि शेवटी फोन: "ताई, नवीन काही आलंय का?" यात शेतकऱ्याचा दोष नाही. बंद, उबदार जागेत लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीची पिढी आठवडाभरात पुरी होते. प्रत्येक फवारणीतून जे वाचतात त्यांचीच पुढची पिढी, त्यामुळे औषध पचवणारी जमात तयार व्हायला वेळ लागत नाही. शिवाय नेट जशी किडींना अडवते तशी त्यांच्या शत्रूंनाही अडवते. कीड मात्र कपड्यांवरून, रोपांबरोबर, फटीतून आत येतेच, आणि आत तिला खाणारं कोणी नसतं. पाऊसही नाही धुऊन काढायला.

माझी नणंद कीटकशास्त्र शिकलेली. हे सगळं मी घरी सांगितलं की ती एकच विचारायची, "मग शत्रूच आत का नाही सोडत?" त्यातून कंपनी निघाली. कंपनी म्हणजे तेव्हा आम्ही दोघी, एक शीतकपाट आणि दुसऱ्या उत्पादकाकडून मागवून पुन्हा पाकिटं भरायची सोय.

कल्पना आमची नव्हती आणि नवीही नव्हती. १९२६ साली इंग्लंडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीच्या पिल्लांमध्ये काही काळी पडलेली दिसली. चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पेयर या कीटकशास्त्रज्ञाने ओळखलं की त्या काळ्या कवचांत एक बारीक गांधीलमाशी वाढते आहे. तिचं नाव एनकार्सिया फॉर्मोसा, लांबी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. पुढच्या काही वर्षांत तिथे ती वाढवून उत्पादकांना, अगदी परदेशांतही पाठवली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तिची भावंडं आली आणि हे काम मागे पडलं. कीड औषधांना दाद देईना तेव्हा त्याची पुन्हा आठवण झाली. लाल कोळ्याला खाणारा फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर सापडला. १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या यान कोपर्ट या काकडी उत्पादकाने, औषधांचा स्वतःलाच त्रास होऊ लागल्यावर, मित्रकीटकांची कंपनी काढली आणि त्यांची सुरुवातही याच पर्सिमिलिसपासून झाली. आमच्यासारख्या लहान कंपन्या आज जे विकतात त्यातलं बरंचसं या दोन प्राण्यांच्या मागून आलेलं आहे.

विकत आणून पाकिटं भरण्यात एक मोठी अडचण होती: माल जिवंत असतो. एका कुरिअरने आमचं खोकं दुपारभर उन्हात ठेवलं आणि ग्राहकाच्या हातात भुसा आणि मेलेले कोळी पडले. अशा मालाचे पैसे मागायला तोंड राहत नाही. प्रवासाचे दिवस कमी करायचे तर माल स्वतःच वाढवायला हवा होता, आणि आमची खरी शाळा तिथे सुरू झाली.

पर्सिमिलिस वाढवायचा म्हणजे तीन शेती एकाच वेळी. पहिली घेवड्याची, कारण लाल कोळ्याला घेवडा आवडतो. दुसरी लाल कोळ्याची, म्हणजे ज्या किडीने जग हैराण आहे ती मुद्दाम, प्रेमाने वाढवायची. तिसरी पर्सिमिलिसची. तो लाल कोळी आणि त्याच्या भाऊबंदांशिवाय दुसरं काही खात नाही, त्यामुळे मधली शेती बसली की तिसरी उपाशी. रोज काम करायचा क्रमही ठरलेला: आधी स्वच्छ घेवडा, मग लाल कोळ्याची खोली, शेवटी परभक्षी. उलट दिशेने कोणीही जायचं नाही, डबा विसरला म्हणूनसुद्धा नाही. कारण परभक्ष्याच्या खोलीतून बाहीवर बसून आलेली एक गर्भार मादी लाल कोळ्याच्या खोलीत शिरली तर थोड्याच आठवड्यांत तिथे पिवळी पडलेली पानं तेवढी राहतात. परभक्षी जितका गुणी तितका तो या खोलीचा वैरी. टेबलांच्या पायांखाली साबणपाण्याच्या वाट्या, प्रत्येक खोलीचा वेगळा कोट आणि नव्या कामगाराला पहिले काही दिवस फक्त घेवड्याची खोली, हे सगळं ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, लावलेलं. मी अजूनही दारातूनच बोलते.

स्विरस्की त्या मानाने सोपा. अँब्लिसियस स्विरस्की हा कोळी फुलकिडे आणि पांढऱ्या माशीची अंडी-पिल्लं खातो, पण कोंड्यावर वाढणाऱ्या साठवणीतल्या कोळ्यांवरही जगतो. म्हणून तो कोंड्यासकट कागदी पुडीत भरून झाडावर टांगता येतो. पुडीतलं खाद्य संपेपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, त्यातून थोडे थोडे कोळी बाहेर पडत राहतात. त्याला परागही चालतात. त्यामुळे ढोबळी मिरचीला फुलं आली की कीड यायच्या आधीच तो झाडावर वस्ती करून बसतो. माझ्या मते विक्रीसाठी यापेक्षा चांगला प्राणी नाही, आणि समजावून सांगायला यापेक्षा अवघड नाही. कीडच नसताना पैसे खर्च करा, असं सांगायचं असतं ना.

अ‍ॅक्वापोनिक्सवाले आमच्याकडे आले ते याच सुमाराला. पहिला फोन आला तो कीड घालवायचा नव्हता, मासे का मेले हे विचारायचा होता. त्या गृहस्थांनी मावा घालवायला बाजारातून 'नैसर्गिक' लिहिलेलं औषध आणलं होतं. त्यात पायरेथ्रम होतं, म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाचा अर्क. फूल नैसर्गिकच, पण माशांना तो अर्क अतिशय घातक. रोटेनोन हेही वनस्पतीच्या मुळांतून मिळतं, आणि मासे बधिर करून पकडायला अशी मुळं माणूस पूर्वीपासून वापरत आला आहे. कीटकनाशक साबण कल्ल्यांना सोसत नाही. भुरी-करप्यावरच्या ताम्रयुक्त बुरशीनाशकांचं तांबं पाण्यात साठत जातं. निंबोळी तेलाबद्दल लोक फार निर्धास्त असतात. टाकीत जाऊ शकेल अशा ठिकाणी आम्ही तेही सुचवत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने मासे वाचले तरी गाळणीतले जिवाणू दगावू शकतात, आणि मग अमोनिया वाढून मासे मागाहून मरतात.

त्यानंतर आम्ही ऑर्डर घ्यायची पद्धतच बदलली. आता मालाआधी प्रश्न येतात. मासे कोणते? पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावरची लागवड आहे की खडीच्या वाफ्यातली? शेवटची फवारणी कधी, कशाची? रात्रीचं तापमान किती उतरतं? नेट किती मेशची? दार एकच आहे की दुहेरी? एकदा एकाने वैतागून विचारलं, "बाई, किडे विकताय की लग्न जमवताय?" पण सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारलं असेल तर त्याचा अंश पानावर आणि प्लास्टिकवर आठ ते बारा आठवडे मित्रकीटकांना मारत राहू शकतो. तिथे माल पाठवणं म्हणजे पैसे घेऊन कत्तल करणं. अशा ऑर्डरला आम्ही तारीख देतो, माल देत नाही.

या प्रश्नांमुळे विक्री घटेल असं मला वाटायचं, आणि सुरुवातीला ती घटलीही. कारण चौकशी करणाऱ्यांतले बरेचजण अशा टप्प्यावर फोन करतात जेव्हा झाड हलवलं की पांढरा धुरळा उडतो. तेव्हा एनकार्सिया सोडून उपयोग नसतो. पिल्लात अंडं घातल्यापासून ते पिल्लू काळं दिसायलाच दहा-बारा दिवस जातात, आणि चिकट स्रावाने माखलेल्या पानावर ही एवढीशी माशी चालूच शकत नाही. आम्ही सरळ सांगतो की आधी खालची पानं काढून पिशवीत बंद करून बाहेर न्या, पिवळे चिकट सापळे भरपूर लावा, पीक शेवटाला आलं असेल तर उपटून टाका आणि नव्या रोपांपासून आमच्याकडे या. त्या वर्षी नाही म्हटलेल्यांतले पुष्कळजण पुढच्या लागवडीला रोपवाटिकेच्या टप्प्यावरच आले. कीड कमी असताना सोडलेले मित्रकीटक टिकले, आणि आमचा माल चांगला अशी ख्याती झाली. माल तोच होता.

अ‍ॅक्वापोनिक्सने आम्हाला विकण्याजोग्या वस्तूंची यादी छोटी करायला लावली. अळ्यांसाठी बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा जिवाणू आम्ही ठेवतो. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच विष बनतं, मासे त्यातून सुटतात. ओल्या कोकोपीटवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या चिलटांसाठी त्याचाच इस्रायलेन्सिस हा प्रकार, नाहीतर स्टायनरनेमा फेल्टी हे सूत्रकृमी. सूत्रकृमी माशांना काही करत नाहीत, पण भर-ओसर होणाऱ्या खडीच्या वाफ्यात ते पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून तिथे आम्ही ते देत नाही. भुरीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट. हे मला विशेष आवडतं. नायट्रिफिकेशनमुळे या पाण्याचा सामू सतत खाली येत असतो आणि तो वर आणायला, शिवाय कमी पडणारं पालाश पुरवायला, बरेचजण तेच बायकार्बोनेट टाकीत घालतात. पानावरून ओघळलेले चार थेंब इथे घरचेच. तराफ्यावरच्या लेट्यूसला मावा लागला तर आमचा पहिला सल्ला फुकटचा असतो: तराफा उचला, पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पडलेला मावा मासे खातात.

मुंग्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण कुठलंही माहितीपत्रक त्यांना पुरेशी जागा देत नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या या किडींची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. ढालकिड्याची अळी मावा खायला आली की मुंग्या तिला ओढून खाली टाकतात. एका पॉलिहाऊसमध्ये पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस भुंगे दोनदा पाठवूनही काम होईना. ताई जाऊन बसल्या, झाडांना आधार देणाऱ्या तारांवरून मुंग्यांची रांग चालली होती ती पाहिली, तारांच्या टोकांना चिकटपट्टी लावायला सांगितली, आणि पुढची खेप लागू पडली. तेव्हापासून आमच्या प्रश्नावलीत मुंग्यांचा प्रश्न आहे.

पाठवणीची व्यवस्थाही आता बदलली आहे. आठवड्याच्या सुरुवातीलाच माल निघतो, म्हणजे सुट्टीच्या दिवशी खोकं गोदामात पडून राहत नाही. मिळाल्याबरोबर थोडा कोंडा पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाने बघायचं आणि हालचाल नसेल तर त्याच दिवशी कळवायचं, ही अट बिलावरच छापलेली आहे. फ्रिजमध्ये ठेवू का, हा प्रश्न रोज येतो. उत्तर: "नाही." संध्याकाळी ऊन उतरलं की सोडा.

सध्या आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो बार्लीच्या कुंड्यांवर. बार्लीवर तृणधान्याचा मावा वाढवायचा आणि त्यावर अफिडियस कोलेमानी ही परोपजीवी माशी. हा मावा गवतवर्गीय पिकांवरच राहतो, काकडी-मिरचीला लागत नाही. कुंडी हरितगृहात ठेवली की अफिडियसची पिढ्यान्‌पिढ्या सोय होते आणि भाजीवर पहिला मावा दिसेपर्यंत ती तिथे हजर असते. हिशेबाने बघितलं तर हा आमचा तोट्याचा माल, कारण एक कुंडी घेतलेला माणूस बरेच आठवडे पुन्हा मागवत नाही. तरी ती आम्ही ठेवली आहे. अ‍ॅक्वापोनिक्सवाल्यांची पहिली मागणी आता तीच असते.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र उरला होता. पर्सिमिलिसला साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते आणि पारा तिशीच्या पलीकडे गेला की तो मंदावतो, तर लाल कोळी नेमका तेव्हाच चेकाळतो. त्या काळासाठी कॅलिफोर्निकस हा दुसरा परभक्षी आम्ही वाढवायला घेतला आहे. तो हळू खातो, पण उष्ण-कोरडी हवा सोसतो आणि लाल कोळी कमी असला तरी परागांवर तग धरतो. त्याच्यासाठी चौथी खोली बांधली. तिचं दार बाकी तीन खोल्यांकडे उघडत नाही, थेट बाहेर उघडतं. पहिला माल या उन्हाळ्यात जाईल, तोही फक्त त्यांना जे थंडीतच मागणी नोंदवतील.