ड्रुपल मॉड्यूलचा नंबर: ८.एक्स-१.४ नंतर थेट २.०.०

ड्रुपल ही वेबसाईट बनवायची मोफत प्रणाली, आणि मॉड्यूल म्हणजे तिला जोडायचा भाग. माझं मॉड्यूल छोटंसंच आहे, व्ह्यूजमधले (ड्रुपलच्या याद्या दाखवणाऱ्या भागातले) आकडे नि तारखा देवनागरी अंकांत दाखवतं आणि एक बटण देतं, दाबलं की अंक परत इंग्रजी. आता ते ड्रुपल १० आणि ११ दोन्हीवर चालवायचंय, त्यामुळे सध्या कोडपेक्षा आवृत्तीच्या नंबरवरच जास्त डोकं चाललंय. ठरलं एकदाचं, पुढचं रिलीज २.०.०.

जुनी पद्धत सगळ्यांना माहितीय, ७.एक्स-१.४ म्हणजे ड्रुपल ७ साठी, मालिका पहिली, रिलीज १.४. ७ आणि ८ चा कोड पार वेगळा होता, तेव्हा कोअरचा (मूळ ड्रुपलचा) आकडा पुढे लावणं बरोबरच होतं. पण जून २०२० मधे ड्रुपल ९ आलं ते बरंचसं ८.९ च, डेप्रिकेटेड (वापरू नका म्हणून आधीच जाहीर केलेला) कोड काढलेलं आणि खालच्या लायब्रऱ्या नव्या केलेलं, म्हणजे नीट लिहिलेलं मॉड्यूल दोन्हीवर तसंच चालायला लागलं आणि ते ८.एक्स नुसतं दिशाभूल करायला उरलं. पाथऑटो आणि टोकन ही मॉड्यूल्स बघा ना, ८.एक्स-१ च्या मालिकेतली रिलीजेस ड्रुपल १० वर मस्त चालतात, पण नवीन माणूस तो ८ बघतो आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून पुढे जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझं मत पक्कं झालंय, नंबर मॉड्यूलची स्वतःची गोष्ट सांगणार, आणि कुठल्या कोअरवर चालतं ते इन्फो फाईलमधली कोअर व्हर्जन रिक्वायरमेंटची ओळ सांगणार. २.०.० मधे तिथे ^१० || ^११ असेल, म्हणजे १० किंवा ११ मधलं कुठलंही. ही ओळ अंदाजाने भरायची नाही बरं का, आपण जे एपीआय (कोअरने वापरायला दिलेली फंक्शनं वगैरे) वापरतो ते कोअरमधे कधी आलं ते बघायचं. माझ्या १.४ मधे ^९.२ || ^१० होतं, कारण बटणाच्या जावास्क्रिप्टला वन्स (एका घटकावर कोड एकदाच चालवणारी छोटी लायब्ररी) लागतं, कोअरमधलं नवीन वन्स ९.२ ला आलं आणि जुनं जेक्वेरी वन्स १० मधे गेलं. नुसतं ^९ लिहिलं असतं तर ९.१ वाल्याकडे मॉड्यूल इन्स्टॉल झालं असतं आणि बटण मेलेलं.

मग १.०.० पासून नव्याने का नाही? कारण कंपोझर (मॉड्यूल्स उतरवून अपडेट करणारं साधन) ८.एक्स-१.४ ला १.४.० असंच वाचतो, त्याच्यापुढे १.०.० म्हणजे मागे जाणं, कुणालाच अपडेट मिळणार नाही. १.५.० चाललं असतं पण पद्धत बदलतोय तर मेजर (पहिला) आकडा बदललेला बरा, लोकांना एका नजरेत कळतं. वेबफॉर्म मॉड्यूलनेही ८.एक्स-५ नंतर ६.० च घेतलं.

१० आणि ११ साठी वेगळ्या ब्रँच (कोडच्या शाखा) करणार नाही. ११.१ पासून हुक (कोअरच्या कामात आपला कोड घुसवायच्या जागा) क्लासमधे लिहिता येतात, आणि लेगसी हुकचं ॲट्रिब्यूट (कोडवर लावायची खूण) लावलं की जुनं फंक्शन १० साठी तिथेच राहतं, नवीन कोअर ते सोडून देतं. एकाच रिलीजमधे दोन्ही घरं सांभाळली जातात, दोन ब्रँचमधे तोच बग दोनदा फिक्स करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

पुढे १० चा सपोर्ट काढेन तेव्हा? काही जण म्हणतात मेजर वाढवा. मी मायनर (मधला आकडा) वाढवणार, २.३ वरून २.४ वगैरे, कारण १० वाल्या साईटला कंपोझर आपोआप २.३ वरच ठेवतो, काही मोडत नाही. मेजर फक्त सेटिंगचा स्कीमा (साठवायची रचना) किंवा दुसऱ्याने वापरायची सर्व्हिस बदलली तर.

सध्या २.०.०-बीटा१ (चाचणीची आवृत्ती) चा टॅग तयार आहे, तारखांच्या फॉरमॅटरची टेस्ट ११ वर पास झाली की ढकलतो. जुन्या मालिकेत यापुढे फक्त बगफिक्स, आणि बीटा हवा असेल तर रिक्वायर करताना @बीटा लावा, नाहीतर ड्रुपल १० वर कंपोझर १.४ च देईल.